एका वर्षाची अनुज्ञा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. थायलंडातल्या चिआंग माईत ते मिळत नाही. डिसेंबरात साताऱ्याकडून कोणी येणार असेल तर त्याच्या बॅगेतून येतं, नाहीतर लेकीच्या ओळखीतलं कोणीतरी मुंबईहून घेऊन येतं. एकादशी-चतुर्थी त्यावर छापलेल्या असतातच, त्यावर आमच्या दोन रंगांच्या खुणा असतात. हिरवी खूण नव्वद दिवसांच्या हजेरीची. लाल खूण २ डिसेंबरची, म्हणजे थायलंडात राहायची आमची मुदत संपते त्या दिवसाची. हिरवी मी करायची, लाल ह्यांनी. नवं कालनिर्णय आलं की ते भिंतीवर चढायच्या आधी हे टेबलावर पसरून डिसेंबरचं पान काढायचे, चष्म्याच्या डबीत ठेवलेलं लाल पेन घ्यायचे आणि २ तारखेभोवती चौकोन आखायचे. गोल नाही, चौकोन. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलेला माणूस.

२ डिसेंबर कुठून आली, ते सांगते. मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासातून ‘नॉन-इमिग्रंट ओ’ नावाचा व्हिसा घेऊन आम्ही २०१८ साली ४ सप्टेंबरला इथे उतरलो. विमानतळावर नव्वद दिवसांचा शिक्का मिळाला. ते दिवस २ डिसेंबरला संपले, आणि तेव्हापासून दरवर्षीची मुदतवाढ त्याच तारखेला येऊन थांबते. तुम्ही कागद महिनाभर आधी दिलेत तरी वर्ष मोजलं जातं ते जुन्या तारखेपासूनच. म्हणून ज्या दिवशी एखाद्या देशात पाऊल टाकाल तो दिवस जरा विचार करून निवडा, असं मी नव्याने येणाऱ्यांना सांगते. तो पुढे वाढदिवसासारखा मागे लागतो.

लेक इथे शिकवते. तिच्या परवान्यावर तिचे आईवडील म्हणून राहता येतं का, याची चौकशी आम्ही केली होती. पण तिची नोकरी कराराची. करार संपला की तिचा परवाना संपणार, त्याच दिवशी आमचाही. ह्यांना ते पटलं नाही. “आपण आपल्या वयावर राहू,” म्हणाले. थायलंडात पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून वर्षावर्षाची मुदतवाढ मिळते. अट पैशाची. थाई बँकेत, एकट्याच्या नावावरच्या खात्यात आठ लाख बाट. अर्ज करायच्या आधी दोन महिने ते तिथे पडून असायला हवेत. २०१९ च्या मार्चपासून आणखी एक कलम आलं: मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने त्या रकमेला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही वर्षभर शिल्लक चार लाखांखाली जाऊ द्यायची नाही. किंवा मग दरमहा ६५ हजार बाट परदेशातून आले पाहिजेत. आमच्या दोघांच्या पेन्शनी एकत्र करूनही ते जमणारं नव्हतं. म्हणून ह्यांच्या फंडातून आठ लाख बाट ह्यांच्या नावावर ठेवले आणि मी त्यांची बायको म्हणून त्यांच्या मागे. अशा माणसाला इथे ‘फू तिद ताम’ म्हणतात. मागोमाग येणारा. नवऱ्याला थाईत ‘सामी’ म्हणतात, स्वामीवरून. बायकोला ‘फनराया’, भार्येवरून. पहिल्या वर्षी हे ऐकलं तेव्हा मला भारी मौज वाटली होती. स्वामींच्या मागोमाग आलेली भार्या. सरकारी फाइलीत माझी ओळख अगदी पोथीतल्या भाषेत.

या भाषेने मला इथे फार आधार दिला. आपल्या ओळखीची माणसं परक्या कपड्यांत भेटावीत तसे शब्द भेटतात. बँक म्हणजे ‘थनाखान’, धनागार. वय म्हणजे ‘आयु’. परवानगी म्हणजे ‘अनुयात’, आपलं अनुज्ञात. आणि निवृत्ती म्हणजे ‘कसियान’. हा शब्द मला कितीतरी दिवस लागेना. लेकीने एका थाई सहकाऱ्याला विचारून उलगडून सांगितला: संस्कृत ‘क्षीण’. कसियान आयु, क्षीण झालेलं आयुष्य. मी साठीची होते, सकाळी तीन किलोमीटर चालत होते, आणि ह्यांच्या पासपोर्टावर क्षीण म्हणून शिक्का बसणार होता, मी त्यांच्या मागोमाग. रागावले नाही मी, पण त्या रात्री तो शब्द डोक्यातून जाईना.

नव्वद दिवसांच्या हजेरीचं मात्र मला कधी ओझं वाटलं नाही. सलग नव्वद दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा. तारखेच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस, एवढ्यात केव्हाही. फी नाही; चुकलात तर दोन हजार बाट दंड. पुढच्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टात टाचून देतात. ऑनलाइनही होतं, पण आम्ही विमानतळाजवळच्या कचेरीत स्वतः जायचो. जाताना डबा घ्यायचो. तिथल्या खुर्च्यांवर जगभरचे म्हातारे भेटतात. एक इंग्रज आजोबा नेहमी दिसायचे. त्यांच्याकडून कळलं की ब्रिटनचं सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्याला दरवर्षी वाढवून मिळत नाही. ज्या आकड्यावर तुम्ही देश सोडलात तिथेच ते गोठतं. शिवाय पूर्वी त्यांचा दूतावास उत्पन्नाचं पत्र द्यायचा, ते दाखवलं की पैशाची अट पुरी व्हायची. २०१८ च्या अखेरीस ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी ती पत्रं देणं बंद केलं. आजोबांना घाईघाईने घरचं किडुकमिडुक विकून आठ लाख उभे करावे लागले होते. ते सांगताना त्यांचे हात फाइलीवर घट्ट होते.

कचेरी कधी बंद असेल ते मी कालनिर्णयवरूनच ओळखायचे. इथल्या मोठ्या सुट्ट्या पौर्णिमेच्या: माघ पौर्णिमा, वैशाख पौर्णिमा, आषाढ पौर्णिमा. नावंही तीच, माखा, विसाखा, आसान्हा. बहुतेक वर्षी आपल्या आणि त्यांच्या पौर्णिमा एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने पडतात. २०२३ साली पडल्या नाहीत. आपल्याकडे अधिक श्रावण आला, त्यांच्याकडे आषाढच दोनदा. त्यामुळे तिन्ही सुट्ट्या महिनाभर पुढे गेल्या. आपली गुरुपौर्णिमा ३ जुलैला झाली आणि इथली आषाढ पौर्णिमा १ ऑगस्टला. त्या आठवड्यात शहर सलग सहा दिवस बंदच होतं. हे इस्पितळात होते. ४ ऑगस्टला, कचेऱ्या उघडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे हे गेले.

इस्पितळाने दाखला दिला आणि तो घेऊन लेक पालिकेच्या कार्यालयात गेली. परत आली ती एक कागद घेऊन. त्याला ‘मोरनबट’ म्हणतात. मला कोणी उलगडून सांगायची गरज पडली नाही. मरणपत्र.

दहन एका वाटात झालं, म्हणजे इथल्या देवळाच्या आवारात. घरमालकीण सोबत होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला ‘पी’ म्हणते, म्हणजे ताई. आम्ही भाडेकरू म्हणून राहायला आल्याची वर्दी चोवीस तासांत पोलिसांकडे द्यायची असते, तो ‘टीएम-३०’ नावाचा फॉर्म तिनेच भरला होता. अस्थी गोळा करताना तिने मला विचारलं, पिंग नदीत सोडायच्या का? इथेही सोडतात, त्या विधीला ‘लॉय अंगखान’ म्हणतात, अंगार पाण्यावर सोडणं. मी अर्ध्या पिंगेत सोडल्या आणि अर्ध्या संगम माहुलीला न्यायच्या ठरवल्या.

आणि इथे, तेरावा व्हायच्या आत, हिशोबाला बसावं लागलं. मी हे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखी कितीतरी जोडपी इथे, मलेशियात, आणखी कुठे कुठे याच पद्धतीने राहतात: एकाच्या नावावर पैसे, दुसरा त्याच्या मागे. कोणी गेल्यावर काय होतं याचा विचार कोणी करत नाही. आम्हीही केला नव्हता.

माझा शिक्का २ डिसेंबरपर्यंतचा. पुढची मुदतवाढ बायको म्हणून मिळणार नव्हती, कारण ज्यांच्या मागे मी होते तेच नव्हते. मला माझ्या स्वतःच्या नावावर अर्ज करायचा होता, म्हणजे माझ्या स्वतःच्या खात्यात आठ लाख बाट, तेही अर्जाच्या दोन महिने आधीपासून. ह्यांच्या खात्यात आठ लाख होते, पण मृत्यूची वर्दी पोचताच बँकेने खातं गोठवलं. तो नियमच आहे. न्यायालयाने वारसाव्यवस्थापक नेमल्याशिवाय त्यातला एक बाट हलत नाही, आणि न्यायालयाला महिने लागतात. ते पैसे आमच्या हातात आले तेव्हा पुढचं वर्ष अर्धं सरलं होतं.

म्हणजे नवे आठ लाख उभे करायचे. त्या वेळच्या दराने साडेअठरा-एकोणीस लाख रुपये. आणि ते साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथे पोचवायचे. माझी ठेव होती, वाईच्या बँकेत. माहेर वाईचं माझं. वडिलांनी दिलेली जमीन विकून आलेले पैसे मी कधी मोडले नव्हते. इथे नमस्काराला ‘वाय’ म्हणतात. हात जोडणाऱ्या प्रत्येक माणसाने माझ्या गावाचं नाव घेतल्यासारखं मला पाच वर्षं वाटत आलं होतं. आता त्या गावचे पैसे इथे यायचे होते.

पैशांसाठी आणि अस्थींसाठी भारतात जाण्याआधी एक गोष्ट लेकीने आठवणीने केली, नाहीतर सगळंच गेलं असतं. मुदतवाढीचा शिक्का हा देशात असेपर्यंतच जिवंत असतो. परत येण्याचा परवाना न घेता विमानात बसलात की तो तिथेच मरतो, मग मुदत दोन दिवसांची उरलेली असो की अकरा महिन्यांची. तो परवाना वेगळा. एका खेपेचा १,००० बाट, हव्या तितक्या खेपांचा ३,८००. आम्ही दर मार्चमध्ये साताऱ्याला जायचो, कारण त्या दिवसांत चिआंग माईभोवतीची शेतं आणि डोंगर पेटवतात आणि धुराने डोळे उघडवत नाहीत. तेवढ्यासाठी हे दर वर्षी एका खेपेचा परवाना काढायचे. त्या वर्षीची माझी खेप मार्चमध्येच वापरून झाली होती. अस्थींची पिशवी मांडीवर घेऊन मी पुन्हा रांगेत बसले आणि हजार बाट भरले.

भारतात तीन आठवडे होते. माहुलीला कृष्णेला पाणी भरपूर होतं. उरलेले दिवस बँकेत आणि सीएकडे गेले. अनिवासी माणसाच्या खात्यातून पैसे बाहेर पाठवायचे तर तेव्हा ‘१५ सीए’ आणि ‘१५ सीबी’ असे दोन फॉर्म लागायचे, कर भरल्याचं सीएने लिहून द्यावं लागायचं. मी सह्या करत गेले. एवढ्यासाठी ह्यांना मी मनोमन धन्यवाद दिले, की तीन वर्षांपूर्वी, काही कारण नसताना, त्यांनी माझ्या नावाचं थाई बँकेत खातं उघडायला लावलं होतं. भाजीपाल्याचे पैसे त्यात ठेव म्हणाले होते. पाच हजार बाट होते त्यात. ते खातं नसतं तर पैसे कुठे पाठवायचे, हाच प्रश्न उरला असता. ज्यांना माझं ऐकायचंय त्यांनी एवढं ऐकावं: दोघांची दोन खाती हवीत, आज, दोघं धडधाकट असताना.

मी ६ सप्टेंबरला परतले. १० तारखेच्या आत पैसे पोचले. मग दोन महिने त्यांच्याकडे नुसतं बघायचं होतं.

त्या दोन महिन्यांत मला सारखी माझी नोकरी आठवत राहिली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं माझ्याकडे निराधार योजनेचं टेबल होतं. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे. डोंगरातल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बाया वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला यायच्या. म्हणजे आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला. अंगठा, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. एकदा एक आजी आली, तिच्याकडे फोटो नव्हता, जुना होता तो ओल्या भिंतीने खाल्लेला. मी म्हटलं, फोटो काढून आणा. त्यात चूक काहीच नव्हती, नियम होता. ती आठवड्याने आली. फोटोचे साठ रुपये गेले, एसटीचे वेगळे, असं कोणाला उद्देशून नाही, आपलं स्वतःशीच म्हणाली. मी कागद घेतला आणि शिक्का मारला. सहाशेतले शंभर तरी त्या दाखल्यात गेले असतील, हा हिशोब मी तेव्हा केला नाही. करू शकले असते. आकडेमोड माझी चांगली होती.

मी २० नोव्हेंबरला कचेरीत गेले. फाइल लेकीने लावून दिली होती. ‘टीएम-७’ अर्ज, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, १,९०० बाट. पासपोर्टाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही. बँकेचं पत्र आणि त्याच सकाळी नोंद करून आणलेलं पासबुक. आणि घराचा नकाशा. हाताने काढलेला नकाशाही त्यांना लागतो, म्हणजे कोणी तपासायला आलं तर घर सापडावं. तो दरवर्षी हे काढायचे: पट्टीने, प्रमाण धरून, उत्तर दिशेचा बाण दाखवून. जुना नकाशा होता घरात, झेरॉक्स मारून चालला असता. मी नवा काढला. देऊळ, त्याच्यासमोरचं नूडल्सचं दुकान, दुकानापासून डावीकडे तिसरी गल्ली, पीचं आंब्याचं झाड. रेघा सरळ आल्या नाहीत.

टेबलावर तिशीतली एक मुलगी होती. तिने माझी जुनी नोंद उघडली, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा नोंदीकडे पाहिलं. “सामी?” तिने विचारलं. मी मोरनबट पुढे केलं. ती ते शेवटपर्यंत वाचत राहिली, मग हात जोडून वाय केला, आणि वाकली. मीही वाकले. त्यानंतर तिने फोटो उचलला आणि मान हलवली. फोटो मागच्या वर्षीचाच होता. फाइलीतल्या जुन्या अर्जावरही तोच चिकटवलेला. नवा आणा, म्हणाली.

फोटोचं दुकान जवळच होतं. स्टुलावर बसले, पोराने हनुवटी जरा वर करायला सांगितलं. दहा मिनिटांत हातात फोटो. भारतातून आल्यावर मी आरशात नीट पाहिलंच नव्हतं. त्या चार बाय सहामध्ये एक वेगळीच बाई होती, कपाळ मोकळं, केस मागे. मागच्या वर्षीच्या फोटोतली बाई आणि ही, एकच म्हणून कोणी खपवून घ्यायला नकोच होतं. त्या मुलीचं बरोबर होतं. माझंही त्या दिवशी तहसिलीत बरोबरच होतं. फक्त त्या आजीच्या जवळ दहा मिनिटांवरचं दुकान नव्हतं, आणि एक फेरी एसटीची होती, हे मला त्या स्टुलावर बसल्यावर कळलं. आज ती समोर असती तर मी शिपायाला पाठवून तिचा फोटो काढवला असता. माझ्या पैशाने.

परत गेले तेव्हा माझा नंबर निघून गेला होता, पण त्या मुलीने हाताने बोलावून घेतलं. अर्जात मुदतवाढीचं कारण लिहायची एक ओळ असते. पाच वर्षं तिथे नवऱ्यासोबत राहणे असं असायचं. आता निवृत्ती असं होतं. तिने त्यावर पेन फिरवलं, संगणकात काहीतरी बदललं आणि म्हणाली, कसियान आयु. मी हो म्हटलं. त्या शब्दाचं आता काही वाटलं नाही. क्षीण म्हणजे कमी झालेलं. झालंच होतं.

नव्वद दिवसांची हजेरीही त्याच दिवशी उरकली. आणि बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना. त्या मुलीने विचारलं, एका खेपेचा की अनेक? हे असते तर एका खेपेचा म्हणाले असते. उगाच अडीच-तीन हजार बाट कशाला घालवायचे. मला आठवलं, हे आजारी असताना वाईहून माझ्या वहिनीचा फोन आला होता, भाऊ पडलाय म्हणून. मी जाऊ शकले नव्हते. इकडे एक माणूस, तिकडे एक माणूस, आणि आमच्या सगळ्यांचीच वयं आता अशी की फोन कधीही येईल. मी ३,८०० मोजून दिले.

शिक्का मिळाला तो २ डिसेंबर २०२४ पर्यंतचा. घरी आले तेव्हा पी ओट्यावर बसून आल्याच्या कुड्या खरवडत होती. मी पासपोर्ट दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने तारखेवर बोट ठेवलं आणि स्वतःशी ५४३ मिळवले, कारण इथे बुद्धाचं वर्ष चालतं. “दोन हजार पाचशे सदुसष्ट,” म्हणाली, “लांब आहे.”

चहा ठेवून मी खुणा करायला बसले. हजेरीची पुढची तारीख पुढच्या वर्षातली, मुदतीची तर अगदीच पुढची, आणि नवं कालनिर्णय अजून आलेलं नव्हतं. साताऱ्याहून भाचा येणार होता तो नाताळात. शेवटी डिसेंबरच्या पानाच्या खालच्या समासात जागा शोधली. हजेरीची तारीख हिरव्याने लिहिली. मग ह्यांच्या चष्म्याची डबी उघडली. लाल पेन होतं आत. झाकण निघालेलं होतं आणि शाई जरा सुकली होती. दोनदा कागदावर घासल्यावर चालू झालं. मी २ डिसेंबर लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकोन आखला.